मोबाईलवर टीमने खेळायचे गेम आणि मुलांची मैत्री : पालकांनी काय समजून घ्यावे?

मोबाईल गेमची तक्रार घेऊन येणारे पालक बहुधा तासांपासून सुरुवात करतात. "रोज पाच-पाच तास खेळतो, डॉक्टर." अनेक वर्षे मीही आधी तासच विचारत होते. आता मुलाला माझा पहिला प्रश्न वेगळा असतो : "कोणाबरोबर खेळतोस?" हे ऐकल्यावर खाली मान घालून बसलेले मूल बऱ्याचदा पहिल्यांदा वर बघते. आई-वडील मात्र एकमेकांकडे बघतात, कारण उत्तर त्यांना ठाऊक नसते.

या लेखात गेमच्या त्या बाजूविषयी माहिती दिली आहे. डोळे, मान, अंगठा यांच्या तक्रारी वेगळ्या; त्या इथे घेतलेल्या नाहीत. लेखातील उदाहरणे अनेक रुग्णांचे अनुभव एकत्र करून लिहिली आहेत, कोणा एकाची ओळख त्यात नाही.

एकट्याचा गेम आणि टीमचा गेम यांत फरक काय?

कँडी क्रशसारखा गेम एकट्याने खेळता येतो आणि हवा तेव्हा थांबवता येतो. बीजीएमआय, फ्री फायर मॅक्स, कॉल ऑफ ड्यूटी मोबाईल यांसारख्या गेममध्ये समोर जिवंत माणसे असतात. बीजीएमआयच्या नेहमीच्या मॅचमध्ये एका वेळी १०० पर्यंत खेळाडू उतरतात, फ्री फायरमध्ये ५० पर्यंत. चार जणांचा एक स्क्वॉड असतो. चौघे हेडफोन लावून माईकवर सतत बोलत असतात : शत्रू कुठे आहे, गोळ्या कोणाकडे आहेत, कोणी कोणाला आडोसा द्यायचा. एखादा जखमी होऊन पडला, म्हणजे मुलांच्या भाषेत 'नॉक' झाला, तर साथीदाराने जवळ जाऊन त्याला उठवावे लागते. नाहीतर तो बाद होतो.

खेळ असा रचलेला असल्यामुळे त्यातून एक नाते तयार होते. रोज ठरलेल्या वेळी तीच चार मुले भेटतात, एकमेकांना वाचवतात, हरल्यावर भांडतात, मॅच सुरू व्हायची वाट बघताना शाळेतल्या बाईंची नक्कल करतात. आपल्या लहानपणी सोसायटीच्या कट्ट्यावर किंवा गावातल्या पारावर हेच चालायचे. आज शहरात अनेक ठिकाणी क्रिकेटला मैदान उरलेले नाही, क्लासमुळे मुलांच्या वेळा जुळत नाहीत आणि मुलींना संध्याकाळी खाली सोडायला घरचे कचरतात. अशा वेळी कट्टा मोबाईलमध्ये गेला, तर त्याचा सगळा दोष मुलाला देता येत नाही.

मोठ्यांनाही हा अनुभव आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये नवी मुंबईतल्या कंपनीने बनवलेला लुडो किंग घराघरात पोहोचला. कित्येक आज्या तेव्हा परदेशातल्या नातवंडांबरोबर रात्री सोंगट्या हलवत बसायच्या. त्यांना लुडोचे वेड नव्हते, नातवंडांशी बोलायचे होते.

ही मैत्री खरी असते का?

आठवीतला एक मुलगा. वडिलांची बदली झाली म्हणून साताऱ्याहून पिंपरी-चिंचवडला आलेला. नव्या शाळेत कोणी ओळखीचे नाही, बोलण्याच्या ढंगावरून थट्टा होते. चार महिन्यांत गेमची वेळ एका तासावरून चार तासांवर गेली आणि मार्क घसरले. एका रात्री वडिलांनी फोन हिसकावून कपाटात टाकला. मुलगा दोन दिवस जेवला नाही. "एका खेळण्यासाठी असं करतो का कोणी?" असे विचारत आई त्याला घेऊन आली.

स्क्वॉडमधले तिघेही साताऱ्याचे निघाले, त्याच्या जुन्या वर्गातले. रात्री नऊला ते जमायचे. फोन कपाटात गेला त्या रात्री मुलाच्या दृष्टीने त्याचे सातारा दुसऱ्यांदा सुटले होते, आणि घरात कोणाला याचा पत्ता नव्हता. तासांची समस्या खरी होती, ती आम्ही सोडवलीही. पण उपाय शोधताना आधी एकटेपणाकडे पाहावे लागले. सुटीत त्याला चार दिवस साताऱ्याला पाठवणे हा त्या उपचाराचाच भाग होता.

म्हणून पालकांना मी सांगते, की मुलाच्या स्क्वॉडमधली माणसे तीन गटांत विभागून पाहा. पहिला गट प्रत्यक्ष ओळखीच्या मित्रांचा : वर्गातले, सोसायटीतले, मामेभाऊ. इथे गेम हे आधीच्या मैत्रीचे साधन असते. दुसरा गट गेममध्येच ओळख झालेल्या, पण बऱ्याच काळापासून सोबत खेळणाऱ्यांचा. तिसरा गट दर मॅचला बदलणाऱ्या अनोळखींचा. त्यांना मुले 'रँडम' म्हणतात. फक्त पहिल्या गटाबरोबर दोन तास खेळणाऱ्या मुलापेक्षा एक तास 'रँडम' लोकांबरोबर बंद खोलीत खेळणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाची मला जास्त काळजी वाटते.

काही मुलांना या ओळखींचा स्पष्ट उपयोग होतो. लाजाळू मुले, तोतरे बोलणारी मुले, स्वमग्नतेच्या सौम्य छटा असलेली मुले, दीर्घ आजारामुळे घरी असलेली मुले यांना समोरासमोरच्या गप्पा अवघड जातात. गेममध्ये बोलण्याचा विषय आयता मिळतो, डोळ्यांत बघावे लागत नाही आणि प्रत्येकाला ठरलेले काम असते. अशा मुलाचे सगळे मित्र एका फटक्यात तोडण्यापूर्वी डॉक्टरांशी जरूर बोला.

"आई, एकच मॅच!"

जेवायची हाक मारल्यावर येणारे हे उत्तर प्रत्येक घरात ओळखीचे आहे. ते दर वेळी खोटे नसते. ऑनलाइन मॅच मध्येच थांबवता येत नाही. बीजीएमआयची मोठ्या नकाशावरची मॅच शेवटपर्यंत गेली तर साधारण अर्धा तास चालते, फ्री फायरची त्याहून बरीच छोटी असते. मुलगा मध्येच उठला तर त्याचे रँकचे पॉइंट जातात, ते तो विसरेलही. पण उरलेल्या तिघांची मॅच बिघडते आणि दुसऱ्या दिवशी ऐकून घ्यावे लागते, "तू भाई मधेच सोडून जातोस, तुला घेत नाही." तेरा वर्षांच्या मुलाला आईच्या रागापेक्षा हे वाक्य जास्त लागते.

गेम बनवणाऱ्यांना ही ओढ चांगली माहीत आहे. रोज लॉगिन केल्याचे बक्षीस, गिल्ड किंवा क्लॅनसाठी मिळवायचे पॉइंट, मित्र ऑनलाइन आल्याची सूचना, ठरावीक काळाने शून्याकडे ढकलली जाणारी रँक हे सगळे परत बोलावण्यासाठीच असते. कंटाळा आला तरी 'टीमला माझी गरज आहे' म्हणून खेळत राहणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांना थांबायचे असते, पण तसे सांगायचे कसे ते कळत नाही. हा मुद्दा पुढे उपचारात पुन्हा येईल.

झोपेवर याचा थेट परिणाम होतो. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते. स्क्वॉडमधल्या एकाचा क्लास दहाला सुटतो, म्हणून सगळ्यांची मॅच साडेदहाला सुरू होते. चुरशीच्या मॅचनंतर लगेच झोप येत नाही. सकाळी चिडचिड, वर्गात पेंग आणि घसरते मार्क, यांतले बरेच काही गेममुळे होण्यापेक्षा झोप कमी पडल्यामुळे होते आणि झोप सुधारली की सुधारते.

माईकवरची भाषा

हेडफोनमुळे पालकांना फक्त आपल्या मुलाचा आवाज ऐकू येतो. समोरून काय येते ते एकदा स्पीकरवर ऐकून पाहा. आईबहिणीवरून शिव्या, जातीवरून, धर्मावरून, मराठी-हिंदीवरून टोमणे तिथे सर्रास चालतात. चेहरा दिसत नाही आणि पुन्हा भेट होणार नसते, तेव्हा माणसाचा संयम सुटतो. मानसशास्त्रात जॉन सुलर यांनी २००४ मध्ये या परिणामाचे सविस्तर वर्णन केले. काही मुले हीच भाषा घरी आणतात. काही मुले गप्प होतात.

मुलींचा अनुभव वेगळा आहे. आवाज ऐकताच "मुलगी आहेस? नंबर दे" सुरू होते. त्यामुळे चांगल्या खेळणाऱ्या अनेक मुली मुलाच्या नावाने आयडी काढतात आणि माईक बंद ठेवतात. अकरावीतली एक मुलगी मला म्हणाली, "मला टीममध्ये घेतात, पण मी कोण आहे हे सांगितलं की खेळ संपतो." तिला गेम सोडायला सांगणे हा अन्याय ठरला असता. तिने ओळखीच्या तीन मैत्रिणींचा स्क्वॉड केला आणि 'रँडम' घेणे बंद केले.

त्रास देणारा जर वर्गातलाच असेल, तर तो गेममध्ये सुरू होतो आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुढे जातो. आवडता गेम अचानक बंद करणे, फोनची सूचना वाजली की दचकणे, शाळेला जायला पोट दुखणे ही त्याची चिन्हे असू शकतात. मुलाने गेम सोडला म्हणून खूश होण्याआधी का सोडला ते विचारा.

अनोळखी 'दादा' आणि 'ताई'

मुलांना फसवणाऱ्या प्रौढ व्यक्ती जिथे मुले असतात तिथे पोहोचतात. पद्धत बहुधा सारखी असते. आधी खेळात मदत, मग डायमंड किंवा स्किनची भेट, मग कौतुक, मग "इथे नको, इन्स्टावर किंवा टेलिग्रामवर बोलू", मग "घरी सांगू नकोस". फोटो किंवा व्हिडिओ कॉलची मागणी त्यानंतर येते. गेममधून खासगी अ‍ॅपवर बोलावणे आणि गुपित ठेवायला सांगणे या दोन गोष्टी आल्या की थांबायचे, हे मुलाला आठ-नऊ वर्षांपासून सांगता येते.

असे काही उघड झाले तर पहिली पाच मिनिटे फार महत्त्वाची असतात. रागावू नका. "तू मला सांगितलंस ते बरं केलंस" एवढे म्हणा. संभाषण पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. मूल १८ वर्षांखालील असेल तर लैंगिक स्वरूपाचा कोणताही छळ २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली येतो. मदतीसाठी चाइल्डलाइन १०९८ वर फोन करता येतो आणि पोलिसांत तक्रार देता येते. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली असल्यास लगेच १९३० वर कळवा.

पैशांबद्दल थोडक्यात. मूल स्किनवर पैसे घालते तेव्हा तेही सहसा मित्रांसाठीच असते. साध्या कपड्यांतल्या खेळाडूला 'नूब' म्हणून हिणवतात. यूपीआयचा पिन मुलाला माहीत नसावा आणि अ‍ॅप स्टोअरवर खरेदीसाठी पासवर्ड असावा, यावर तडजोड नको. पैसे लावून खेळायचे गेम हा वेगळा आणि जास्त घातक प्रकार आहे. त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. घरातला तरुण अशा गेममध्ये कर्जबाजारी झाला असेल तर त्याला जुगाराच्या व्यसनासारखे उपचार लागतात.

छंद कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो?

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' हे निदान समाविष्ट केले आणि ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यात तासांचा आकडा कुठेही नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा गेमला वरचे स्थान मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, असा नमुना साधारण १२ महिने असावा आणि त्यामुळे शिक्षण, काम, घरचे संबंध यांत मोठा बिघाड झालेला असावा लागतो. लक्षणे तीव्र असतील तर त्याहून कमी काळातही निदान करता येते. गेम खेळणाऱ्यांपैकी थोड्याच लोकांना हा आजार होतो, असे संघटनाच सांगते. दिवाळीच्या सुटीत दिवसभर खेळणारा आणि शाळा सुरू झाल्यावर आपोआप कमी करणारा मुलगा आजारी नाही.

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी मात्र आजारी होता. वसतिगृहात राहणारा, पहिल्या सेमिस्टरला तीन विषय राहिलेले. गेममध्ये तो क्लॅनचा प्रमुख होता, पन्नासएक मुले त्याला 'लीडर' म्हणत. पहाटे तीनपर्यंत तो त्यांची भांडणे सोडवायचा. वर्गात त्याला कोणी नावाने ओळखत नव्हते. त्याला तपासल्यावर गेमच्या आधीपासूनचे नैराश्य सापडले. असे वारंवार दिसते : नैराश्य, लोकांत मिसळण्याची भीती किंवा एडीएचडी आधी असते, गेममध्ये तात्पुरता आसरा मिळतो आणि मग आसराच घर होऊन बसतो. तेव्हा नुसता गेम बंद करून भागत नाही.

घरी काय करता येईल?

सर्वांत आधी शेजारी बसून एक पूर्ण मॅच बघा. उपदेश नको, फक्त बघायचे. "हा कोण बोलतोय? कुठला आहे?" असे सहज विचारायचे. आठवड्याभरात स्क्वॉडमधल्या तिघांची नावे तुम्हाला माहीत झाली पाहिजेत. शक्य असेल तर त्यांच्यापैकी जवळ राहणाऱ्याला घरी जेवायला बोलवा. हा सल्ला ऐकून पालक हसतात, पण बटाटेवड्यांची ताटली मध्ये ठेवून चार मुले एकाच खोलीत खेळली की माईकवरची भाषा आपोआप सुधारते.

वेळेचा नियम मिनिटांत न करता मॅचमध्ये करा. "साडेआठला फोन बंद" या नियमावरून रोज भांडण होईल. "आठनंतर नवी मॅच सुरू करायची नाही" हा नियम मुलाला पाळता येतो, कारण त्यात कोणाला मध्येच सोडावे लागत नाही. तुम्हीही जेवणाची हाक आधी अर्धा तास देऊन ठेवा. रात्री घरातले सगळे फोन, तुमचेही, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. बारा वर्षांखालील मुलांनी हेडफोनऐवजी स्पीकरवर आणि फक्त ओळखीच्यांबरोबर खेळावे. बीजीएमआयने २०२१ मध्ये येतानाच १८ वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला ३ तासांची मर्यादा घातली होती. पण मुलाने जन्मवर्ष खोटे टाकले किंवा बाबांच्या नावाने आयडी काढला की अशी मर्यादा गळून पडते. तेव्हा मुलाचा आयडी कोणत्या वयाचा आहे ते एकदा पाहून घ्या.

परीक्षेच्या काळात टीमला काय सांगायचे याची तयारी मुलाबरोबर करा. "आई खेळू देत नाही" असे सांगताना मुलाची मान खाली जाते. "पेपर संपेपर्यंत मी फक्त रविवारी येणार, माझ्या जागी कोणाला घ्या" हे वाक्य तो ताठ मानेने म्हणू शकतो. दोन-तीनदा मोठ्याने म्हणून बघायला सांगा. बऱ्याचदा बाकीची मुलेही हुश्श करतात, कारण त्यांच्याही घरी तेच चाललेले असते.

फोन काढून घ्यावाच लागला तर

मुलाचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात असेल, फसवणूक चालू असेल, तर फोन ताब्यात घ्यावाच लागतो. पण आधी सांगा, कारण सांगा, किती दिवसांसाठी ते सांगा आणि मित्रांना निरोप द्यायला दहा मिनिटे द्या. फसवणाऱ्याशी मात्र निरोपाचेही बोलणे नको. ज्या मित्रांवर तुमचा आक्षेप नाही त्यांच्याशी साध्या फोनवर बोलू द्या. चारचौघांत फोन फोडणे, "तुझे ते भिकार मित्र" म्हणणे टाळा. पहिले काही दिवस चिडचिड, झोप न लागणे, रडणे होऊ शकते. ते हळूहळू ओसरते.

मूल "मी जीव देईन" म्हणाले, तर ते नाटक आहे असे कधीही गृहीत धरू नका आणि "दे बघू" असे चुकूनही म्हणू नका. त्याला एकटे सोडू नका. औषधे, कीटकनाशके, दोर, धारदार वस्तू हाताशी राहू देऊ नका. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, चोवीस तास मोफत आणि मराठीतही बोलता येते. धोका तातडीचा वाटत असेल तर थेट जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय होते?

खालीलपैकी काही दिसत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा : शाळा-कॉलेज बुडवणे, अनेक आठवडे रात्र-दिवस उलटे होणे, प्रत्यक्षातल्या मित्रांना पूर्ण टाळणे, गेमसाठी चोरी किंवा मारहाण, सतत उदास राहणे. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी वेगळे क्लिनिक आहे, पण सुरुवातीलाच तिथे जाण्याची गरज नसते. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागातही सुरुवात करता येते.

गेमिंग डिसऑर्डरवर खास असे कोणतेही मान्यताप्राप्त औषध नाही. सोबत नैराश्य, चिंता किंवा एडीएचडी असेल तर त्याची औषधे दिली जातात. मुख्य उपचार बोलण्याचा असतो : कोणत्या वेळी, कोणत्या मनःस्थितीत हात फोनकडे जातो ते ओळखणे, टीमला नाही म्हणण्याचा सराव, दिवसाची नवी आखणी, आणि आई-वडिलांबरोबर स्वतंत्र बैठका. वर सांगितलेल्या विद्यार्थ्याने क्लॅनचे प्रमुखपद आधी दुसऱ्याकडे सोपवले, मग रात्रीच्या मॅच सोडल्या, आणि गेम पूर्ण सोडला नाही. आता तो रविवारी खेळतो. राहिलेल्या विषयांपैकी दोन निघाले आहेत.

पहिल्या भेटीला येताना मुलाचा फोन बरोबर आणा, पण तो उघडायचा की नाही हे मुलाला ठरवू द्या. गेल्या आठवड्याच्या झोपेच्या वेळा कागदावर लिहून आणा. डॉक्टर मुलाशी काही वेळ एकट्याने बोलतील तेव्हा बाहेर थांबा, आणि घरी जाताना रिक्षात "काय काय विचारलं रे?" असे विचारू नका.